आखूडकाकांचा एकच नवा कोट

माझी इस्त्रीची टपरी आणि आखूडकाकांचं शिलाई मशीन यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत आहे, तीही कमरेएवढीच. त्यामुळे काकांच्या घरातलं मला जे काही माहीत आहे, ते मी मुद्दाम कान लावून ऐकलेलं नाही. ते आपोआप माझ्यापर्यंत आलं. कुणी म्हणेल, बाई भोचक दिसते. आहेच मी भोचक. दिवसभर एका जागी उभं राहून दुसऱ्यांच्या सुरकुत्या काढणाऱ्या बाईनं आणखी करायचं तरी काय?

काका शिंपी आहेत, पण त्यांनी आयुष्यात नवा कपडा शिवलेला नाही. एक अपवाद सोडून, आणि तोच सांगायला मी बसले आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक पटांगण आहे. तिथे बंदरावरून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात, पट्ट्यांनी करकचून बांधलेले. समुद्रापलीकडचे लोक म्हणे हंगाम बदलला की कपडे देऊन टाकतात. पट्टी कापली की गठ्ठा असा फुगतो की बघत राहावं. त्यातून कोट निघतात, विजारी निघतात, मऊ लोकरीचे झगे निघतात, आणि सगळे लांबच लांब. बाहीत हात घातला की बोटं बाहेर येतच नाहीत. मग माणूस गठ्ठ्यातून कोट निवडतो, पैसे देतो आणि तसाच लोंबत्या बाह्यांनी काकांपुढे येऊन उभा राहतो. काका कानावरचा खडू काढतात, मनगटावर खूण करतात, गुडघ्याशी खूण करतात आणि कातर घेतात. म्हणून आखूडकाका. गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव, आता पोस्टमनसुद्धा तेच घेतो.

कापलेले तुकडे काका फेकत नाहीत. ते एका गोणीत टाकतात, आणि गोणी भरली की त्यांच्या उशा करतात. आमच्या गल्लीत झोपणारं प्रत्येक डोकं कुठल्या ना कुठल्या परक्या माणसाच्या बाहीवर टेकलेलं आहे. माझंही. चांगली झोप लागते, तक्रार नाही.

गिऱ्हाईकं मात्र नमुनेदार. एकाला कोट आखूडही हवा आणि पुढे पोराला लांबही व्हायला हवा. आखूडशिंगी, बहुदुधी, कमी खाणारी, लाथ न मारणारी! काका हसतात आणि कातर चालवतात. "आपली मापं ठरलेली आहेत," असं ते म्हणायचे. "अंथरूण पाहून पाय पसरावे, आणि कोट पाहून बाही कापावी." या वाक्यानं माझं डोकं फिरायचं.

"काका, मापं कुणी ठरवली? तुमच्या टेपनं?" मी पत्र्यावरून विचारायची.

"ताई, मी तीस-चाळीस वर्षं कापतोय. एवढी पट्टी दर खेपेला निघते." आणि ते वीत पसरून दाखवायचे. "तिकडचा माणूस आपल्यापेक्षा एवढा मोठा. त्यात वाईट वाटून काय घ्यायचं?"

त्यांना वाईट वाटायचंही नाही, हे खरं. मलाच वाटायचं, त्यांच्या वाटणीचं.

काकांच्या घरात तीन माणसं. काका, गोदामात खोकी भरायला जाणारी त्यांची लेक, आणि तिची मुलगी लवंगी. काकी गेल्या, जावई गेला तो कुठे गेला हे विचारायचं नाही. लवंगी हे नाव मी ठेवलं. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि ओरडायची मात्र अशी की मिरचीला ठसका लागावा. मशीनच्या पायडलशी खेळत मोठी झाली. अंगावर कायम गठ्ठ्यातलेच कपडे, कारण आम्हा सगळ्यांच्या अंगावर तेच. त्यात कुणाला कधी काही वाटलं नाही, कारण कपड्याचा आधीचा मालक कधी समोर येतच नाही. तो समुद्राच्या पलीकडे. त्याला तोंड नाही, नाव नाही. कपडा जणू गठ्ठ्यातच उगवतो.

लवंगी हुशार निघाली. तिनं परीक्षा दिली आणि टेकडीवरच्या मोठ्या शाळेत तिला जागा मिळाली. टेकडीवर मोठी घरं, खिडक्यांना पडदे, गाड्यांनाही पडदे. आमच्या गल्लीतून ती टेकडी रोज दिसते, पण तिथे जायचं म्हणजे कामालाच, भांडी घासायला किंवा बाग शिंपायला. आमच्यातलं कुणी शिकायला वर जातंय, ही पहिलीच वेळ. लेकीनं गोदामात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. शाळेची एकच अट होती: थंडीत सगळ्यांनी गडद निळा कोट घालायचा, गोल कॉलरचा, मोठ्या बटणांचा.

आणि बघा नशीब! त्याच आठवड्यात काकांना गठ्ठ्यात अगदी तसाच कोट सापडला. गडद निळा, गोल कॉलर, बटणं सगळी शाबूत. काका तो डोक्यावर घेऊन पटांगणातून जवळजवळ नाचत आले. "ताई, लॉटरी लागली!" मीही माझी इस्त्री बाजूला ठेवून बघायला गेले. आतल्या खिशाच्या अस्तरावर कुणीतरी पिवळ्या दोऱ्यानं इवलासा तारा भरला होता. काकांनी बाह्या कापल्या, घेर आत घेतला, खालून पट्टी काढली, पण खिशाला हात लावला नाही. "राहू दे, गोड दिसतोय," म्हणाले.

आता सांगते ते ऐकून हसू नका. आम्हा तिघाचौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की शाळेचा कोट म्हणजे त्या शाळेतल्याच कुणाचा तरी कोट. टेकडीवरचे लोकही कपडे देऊन टाकतात आणि तेही फिरून फिरून याच पटांगणात येतात, हे आम्हाला सुचायला हवं होतं. पण आमच्यासाठी देणारा नेहमी समुद्रापलीकडचा. डोळ्यांसमोरच्या टेकडीवर तो असेल, असं वाटलंच नाही.

थंडी सुरू झाली, लवंगी कोट घालून गेली आणि दुपारी परत आली ती सरळ मशीनखाली जाऊन बसली, लहान असताना बसायची तशी. कोट काढून लांब फेकलेला. काका मशीन थांबवून खाली वाकले.

"काय झालं गं?"

"मी उद्यापासून जाणार नाही."

"कुणी मारलं?"

"नाही."

"बाई रागावल्या?"

"नाही हो आजोबा! तिनं ओळखला!"

हळूहळू सगळं बाहेर आलं. बाकावर शेजारी बसणारी मुलगी, कुरळ्या केसांची, लवंगीच्या उघड्या कोटाचा आतला खिसा दिसताच एकदम ओरडली होती, "अय्या, माझा कोट! आत पिवळा तारा आहे ना? माझ्या आजीनं भरलाय तो!" आणि तिनं खिसा उलटा करून सगळ्यांना तारा दाखवला होता. ती पोर दुष्ट नव्हती. तिला आनंद झाला होता, हरवलेलं मांजर सापडावं तसा. तिनं म्हणे कोटाला मिठीही मारली. कोटाच्या आत लवंगी होती, हे मात्र तिच्या लक्षात आलं नसावं.

"तिनं चिडवायला हवं होतं," लवंगी म्हणाली. "मग मी तिला चावले असते."

लेक संध्याकाळी कामावरून आली. तिनं समजावलं, दरडावलं, शेवटी रडली. लवंगी हलली नाही. ही पोर एकदा नाही म्हणाली की पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी गेली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. शाळेनं निरोप पाठवला की सोमवारपर्यंत आली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. वाट पाहणारी पोरं पुष्कळ होती.

निरोप आला त्या दिवशी काकांनी गिऱ्हाइकांना परत पाठवलं. मग अचानक उठून त्यांनी डबा उघडला. मशीनला मोटर बसवायची म्हणून किती वर्षं साठवत होते, गुडघे दुखायचे ना पायडल मारून. ते सगळे पैसे रुमालात बांधले आणि कापडवाल्याकडे निघाले. मी म्हटलं, मी पण येते. एकटं सोडलं असतं तर त्यांना काहीही गळ्यात मारलं असतं.

दुकानात नवं कापड उलगडलं गेलं तेव्हा काका त्याच्याकडे नुसते बघत राहिले. गडद निळी लोकर, कुठे टाका नाही, कुठे खूण नाही. वासही वेगळाच.

"किती देऊ?" कापडवाल्यानं विचारलं.

काका एवढे मुरलेले शिंपी, पण कोटाला कापड किती लागतं हे त्यांना कधी कळायची वेळच आली नव्हती. त्यांच्या हातात कोट आला तो नेहमी शिवलेलाच. ते माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे.

"पुष्कळ द्या," ते शेवटी म्हणाले. "जास्त झालं तर कापता येतं. कमी पडलं तर काय करू?"

कापडवाल्यानं आनंदानं पुष्कळ दिलं.

आता कापड बेतायचं कसं? शिकाऊ पोरसुद्धा आधी माप घेतं आणि मग कापडावर आखतं. पण काकांचा हात उलटा चालणारा. त्यांना कोट ठाऊक होता तो एकाच रूपात: मोठ्ठा, समुद्रापलीकडचा, लहान करायचा राहिलेला. म्हणून त्यांनी काय करावं? गठ्ठ्यातला एका धिप्पाड माणसाचा कोट आणला, नव्या कापडावर पसरला आणि त्याच्या कडेकडेनं कातर चालवली. मी पत्र्यावरून ओरडले, "अहो काका, पोर केवढी आणि कोट केवढा!"

"आधी होऊ तर दे," ते म्हणाले. "मग करू ना लहान. लहान करणं मला येतं."

दीड दिवस मशीन खडखडत होतं. कोट तयार झाला. त्यात लवंगी, तिची आई आणि मी अशा तिघी आरामात मावलो असतो. गल्लीतले लोक बघायला जमले. एक जण म्हणाला, काका, याला दार कुठे ठेवलंय? लवंगी रुसलेली होती तरी मशीनखालून तिच्या हसण्याचा आवाज आला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

मग काकांनी खडू काढला, तिला उभं केलं, मनगटावर खूण केली, गुडघ्याशी खूण केली आणि कातर उचलली. आणि कातर हवेतच थांबली. मी इस्त्री करता करता बघत होते. त्यांनी पुन्हा कातर लावली, पुन्हा काढली. जन्मभर लोकांच्या महागड्या बाह्या कचाकच कापणारा माणूस, आणि त्याला कातर मिटवेना.

"काय झालं?"

"होत नाही गं ताई," काका म्हणाले. "नवं आहे. तिचं आहे. यातलं काय म्हणून कापू?"

आणि त्यांनी कापलं नाही. सगळं आत दुमडलं. बाह्यांचं आत, खालचं आत, बाजूचं आत, एकावर एक घड्या, आणि वरून हातानं बारीक टाके. रविवारी संध्याकाळी तो कोट माझ्याकडे आला तेव्हा तो कोट कसला, गोधडीच होती. त्या घड्या बसवता बसवता माझे दंड भरून आले. पाणी शिंपडायचं, दाबायचं, पुन्हा शिंपडायचं. सबंध गल्लीचे कपडे मी एका दुपारी करते, पण त्या एका कोटानं माझा जीव घेतला. पैसे मागितले नाहीत. काकांनी देऊ केले, तेव्हा मीच त्यांच्या अंगावर ओरडले.

सोमवारी सकाळी लवंगीनं कोट घातला. हात खाली केले तर ते खाली राहीनात, पंखांसारखे बाहेरच.

"जड आहे," ती म्हणाली.

"असू दे," काका म्हणाले. "आतून बाहेरून तुझाच आहे. कुणी ओळखला तर मला सांग."

तिनं खिशात हात घातला. रिकामा खिसा. मग दप्तर उचललं आणि चढण चढायला लागली. काका ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभे, आणि मागे तीन गिऱ्हाईकं लोंबत्या बाह्यांनी त्यांची वाट बघत.

त्याच आठवड्यात काकांनी आणखी एक गोष्ट केली. जुन्या कोटाचा खिसा उसवून पिवळा तारा अस्तरासकट अलगद कापून काढला, चौकोनी रुमालावर शिवला आणि लवंगीच्या हाती दिला. "हा तिच्या आजीनं भरलाय, तिला परत दे. कोट टाकतात लोक, आजी कशाला टाकतील? चुकून गेला असेल." तारा घेऊन ती कुरळी पोर म्हणे वर्गातच रडली. त्यानंतर दोघींची जी गट्टी जमली ती आजपर्यंत. कुरळी कितीदा तरी आमच्या गल्लीत आली आहे. माझ्या टपरीत बसून इस्त्री करायला शिकली, आणि एक टेबलक्लॉथ जाळला. तिच्या आईचाच होता, म्हणून मी काही बोलले नाही.

पुढच्या हिवाळ्यात कोट लवंगीला आखूड झाला. काकांनी टाके उसवले, एक घडी सोडली, कोट लांब झाला. आतून निघालेलं कापड कोरं करकरीत, बाहेरच्यापेक्षा गडद. घडीच्या जागी एक रेघ राहिली. मी दाबदाबून पाहिलं, ती गेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक घडी, आणखी एक रेघ. कुरळीचाही कोट आखूड झाला होता. तिनं तो काकांकडे आणला, माझाही वाढवून द्या म्हणाली. काकांनी शिवण उसवून आत पाहिलं आणि हात वर केले. "पोरी, यात काहीच सोडलेलं नाही. दुकानातला कोट एका वर्षापुरताच असतो."

"मग माझं काय?"

"तुझे आईबाबा नवा घेतील. मला लवंगीला नवा घेता येत नाही, म्हणून तिचा वाढतो." हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की कुरळीनं मान डोलवली आणि लवंगीनंही. मीच उगाच नाक पुसत बसले.

त्या एका कोटानं काकांची कामाची पद्धत मात्र बदलली. पोराटोरांचे कपडे ते आता कापत नाहीत, दुमडतात. "वाढेल तो," म्हणतात. मी विचारलं, "का हो काका, आपली मापं ठरलेली होती ना?" तर त्यांनी ऐकूच आलं नाही असं दाखवून मशीन जोरात चालवलं.

आणि खरंच, काहीतरी बदलत होतं. मोठ्यांच्या कोटांची कापलेली पट्टी हळूहळू अरुंद व्हायला लागली. आधी वीतभर, मग चार बोटं, मग दोन. उशांची गोणी भरता भरेना. परवा रेडिओवर सांगत होते, गरिबी इतके टक्के कमी झाली, अमक्या देशात इतकी, तमक्यात तितकी. चहाच्या गाड्यावर त्यावरून जुंपली. एक म्हणतो झाली, एक म्हणतो थापा आहेत. टक्के कुठे आणि कसे मोजतात ते माझ्यासारखीला काय कळणार? मला एवढंच दिसतं की आमच्या गल्लीतल्या पोरांना दूध मिळायला लागलं, नळाला स्वच्छ पाणी आलं, आणि पोरं उंच झाली. सगळी नाही. पटांगणामागे राहणाऱ्या हमालाच्या पोराची बाही काकांना अजूनही वीतभर दुमडावी लागते, आणि टेकडीवरची घरं तेवढ्यात आणखी दोन मजल्यांनी वाढली आहेत. म्हणून मी रेडिओवर फार खूश होत नाही. पण नाराजही होत नाही. दोन बोटं म्हणजे दोन बोटं.

यंदा लवंगी शाळा संपवून दूरच्या, खूप थंड गावी शिकायला निघाली. निळ्या कोटाच्या सगळ्या घड्या संपल्या होत्या. झाडाच्या बुंध्यासारखा रेघारेघांचा झाला होता तो, आणि आता तिच्या खांद्यांना बसेना. काका आठवडाभर बोटांवर मोजत बसले. मला माहीत होतं ते काय हिशेब करताहेत. पुन्हा डबा, पुन्हा कापडवाला. गुडघे तर आता त्यांना जिना चढू देत नाहीत.

आणि मग एका सकाळी लवंगी स्वतःच पटांगणातून आली. अंगावर गठ्ठ्यातला कोट, करड्या रंगाचा, जाड लोकरीचा.

काका दचकले. "हा कशाला? मी नवा शिवतो ना."

"मला हाच आवडला."

"अगं, कुणाचा तरी असेल तो."

"असेलच की." तिनं खिशात हात घातला, आतून कसलंसं तिकीट काढलं, परक्या अक्षरांचं, आणि हसली. "या कोटाच्या बाई कधी भेटल्या तर सांगेन, छान बसलाय म्हणून. खूण करा ना आजोबा, मला निघायचंय."

काकांनी कानावरचा खडू काढला. मनगटापाशी गेले. बाही मनगटावरच संपत होती. खांद्यापाशी गेले. शिवण खांद्यावरच होती. मग हळूच, एक हात मशीनवर टेकून, ते तिच्या पायाशी बसले आणि कोटाची खालची कड हातात धरून बघत राहिले.

"काका, काय झालं?" मी पत्र्यावरून विचारलं.

"ताई," ते म्हणाले, "कुठे खूण करू? काहीच कापायचं नाहीये."

लवंगी घाबरून खाली वाकली. पण काका हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी हसत होते. "धंदा बुडवलास माझा," म्हणाले. त्यांनी खडू परत कानावर ठेवला, तिच्या हाताला धरून उठले आणि तिच्या अंगावरचा कोट काढून पत्र्यावरून माझ्याकडे दिला. मी इस्त्री गरम करायला ठेवली.